किमो, काउंट आणि लाल अक्षरातले आकडे

(वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं)

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये स्तनांच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं सर्वांत जास्त आहेत. बहुतेकांनी सोबत रक्ताच्या रिपोर्टचे फोटो जोडलेत. लॅबचा रिपोर्ट रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर येतो आणि ओपीडी सकाळी दहाला उघडते. मधले बारा तास कसे गेले असतील, हे फोटोतल्या आकड्यांभोवती पेनाने काढलेल्या गोलांवरून कळतं. कर्करोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि किमो डे केअरमधल्या परिचारिका अशा तिघांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. किमो द्यायची की थांबवायची, गोळी कमी करायची की नाही, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आईची (वय ५२) लाल किमोची दुसरी सायकल (फेरी) झाली. अकराव्या दिवशी फार थकवा वाटला म्हणून गावातल्या लॅबमध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली. पांढऱ्या पेशी १९०० आल्या, समोर लाल अक्षरात 'लो'. न्यूट्रोफिल ३० टक्के. लॅबवाले म्हणाले, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. ताप नव्हता, जेवत होती. आम्ही सकाळपर्यंत थांबलो. चुकलं का आमचं?
— वाचक, अंबाजोगाई

नाही चुकलं. ताप नाही, थंडी वाजत नाही, आई खाते-पिते आहे, तर अकराव्या दिवशी १९०० हा आकडा अपेक्षितच होता. अशा रात्री कॅज्युअल्टीत चार खोकणाऱ्या माणसांच्या शेजारी ताटकळत बसणं हेच आईसाठी जास्त धोक्याचं.

एकूण पांढऱ्या पेशी किती यावर फारसं अवलंबून नसतं. जंतूंना पहिल्यांदा अडवतात त्या न्यूट्रोफिल पेशी, आणि डॉक्टर पाहतात तो त्यांचा निव्वळ आकडा, म्हणजे एएनसी. तो घरी काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणा आणि १०० ने भागा. आईचा आकडा १९०० × ३० ÷ १०० = ५७०. 'बँड' (कोवळे न्यूट्रोफिल) असा वेगळा रकाना असेल तर ती टक्केवारीही न्यूट्रोफिलमध्ये मिळवायची. काही लॅब १९०० न छापता १.९ छापतात, तो आकडा हजारांत असतो. १.९ म्हणजे दोनसुद्धा पेशी उरल्या नाहीत, असं समजून रडवेल्या झालेल्या मुली डे केअरला फोन करतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

हा आकडा का पडतो? लाल किमो म्हणजे डॉक्सोरुबिसिन. बहुधा सायक्लोफॉस्फामाइडबरोबर दर २१ दिवसांनी देतात. भराभर विभागणाऱ्या पेशींवर ही औषधं घाव घालतात, आणि हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होतात त्याही तशाच भराभर विभागतात. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकतो. कारखाना बंद पडला की आठवडाभरात गोदाम रिकामं. म्हणून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान आकडा तळाला जातो आणि एकविसाव्या दिवसापर्यंत वर येतो. या मधल्या दिवसांत तपासणी केली की लाल अक्षर येणारच. त्यामुळे रिपोर्टवर सगळ्यात आधी किमोचा कितवा दिवस ते पेनाने लिहा. तो दिवस माहीत नसेल तर आम्हालाही त्या कागदावरून फार काही सांगता येत नाही.

त्याच फोटोत मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) १४ टक्के, 'हाय' आहे आणि त्यालाही तुम्ही गोल केला आहे. तो पुसून टाका. मगज पुन्हा कामाला लागला की मोनोसाइट आधी वाढतात, न्यूट्रोफिल दोन-चार दिवस मागून येतात. ती उलट चांगली खूण.

आता न थांबण्याचा आकडा. तो रक्ताच्या रिपोर्टवर नसतो, थर्मामीटरवर असतो. किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर रात्रीचे दोन असोत की दिवाळीचा पाडवा, तडक हॉस्पिटल गाठायचं. न्यूट्रोफिल कमी असताना साधा जंतूसुद्धा काही तासांत रक्तात पसरू शकतो. म्हणूनच पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "ताप आलाय" असं बोलू नका, मग नंबर लावून बसवतात. "कॅन्सरची किमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, आणि ताप आहे," असं बोला. किमोची फाइल हातात ठेवा.

ताप जिभेखाली मोजा, चहा-पाणी घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबून. काखेत मोजला तर आकडा थोडा कमी दिसतो. गुदद्वारातून मोजू नका, त्या दिवसांत एनिमा आणि सपोझिटरीही नको. आणि सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे अंग कसकसतंय म्हणून आधी पॅरासिटामॉल घेणं. गोळीने ताप झाकला जातो, जंतू आतल्या आत वाढत राहतो. आधी मोजा, लिहून ठेवा, मग गोळीचं बघा. अंग थंडगार पडलं, हुडहुडी भरली, आई गुंगीत बोलू लागली, तर ताप नसला तरी निघा.

जेवणाचं थोडक्यात: ताजं, नीट शिजलेलं, गरम. कच्ची मोडाची कडधान्यं, कापून ठेवलेली फळं, गाडीवरची चटणी आणि पाणीपुरी या दिवसांत नको. सालीची फळं धुऊन घरी सोलून चालतात. आईला उकडलेल्या भाज्या आणि पेजेवर कोंडून घालू नका, तिला प्रथिनं हवीत.

आणखी एक. विसाव्या दिवशी तपासणी केलीत आणि पांढऱ्या पेशी ३४००, पुन्हा लाल 'लो', पण न्यूट्रोफिल ५२ टक्के, तर एएनसी १७६८ झाला. बहुतेक ठिकाणी १५०० च्या वर किमो देतात, काही ठिकाणी १००० वरही. लाल अक्षर पाहून स्वतःच एसटीचं रिझर्व्हेशन रद्द करणारे लोक आहेत, तसं करू नका. उलट किमोच्या एक-दोन दिवस आधी गावातच सीबीसी करून फोटो डे केअरला पाठवा आणि उत्तर आल्यावर घर सोडा. काउंट कमी असले तर किमो साधारण आठवडाभर पुढे जाते. एखाद्या वेळी आठवडा गेला म्हणून उपचार वाया जात नाहीत. दर खेपेला तसं होऊ लागलं तर पेशी वाढवायचं इंजेक्शन जोडतात, ते पुढच्या प्रश्नात.

पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतल्यावर माझ्या पांढऱ्या पेशी ३८,६०० आल्या. खाली 'ल्युकेमिया नाही याची खात्री करावी' अशी टीप! आता हा दुसरा कॅन्सर का?
— वाचक, चंद्रपूर

नाही. तुम्ही इंजेक्शन घेतलं होतं हे लॅबला माहीत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

फिलग्रास्टिम हे बहुधा ३०० मायक्रोग्रॅमचं, रोज एक, असं काही दिवस देतात. पेगफिलग्रास्टिम ६ मिलिग्रॅमचं एकच, किमोनंतर किमान २४ तासांनी. दोन्ही मगजाला चाबूक मारतात. मग अर्धवट वाढलेल्या पेशीही रक्तात ढकलल्या जातात आणि काचपट्टीवर मायलोसाइट, मेटामायलोसाइट दिसतात. किमोचा संदर्भ नसलेल्या पॅथॉलॉजिस्टला हे चित्र पाहून ल्युकेमियाची शंका येणं स्वाभाविक आहे, त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. नमुना देताना फॉर्मवर "किमो चालू, पेगफिलग्रास्टिम अमुक तारखेला" एवढं लिहा, ती टीप येणार नाही. याच इंजेक्शनाने रक्ताच्या रिपोर्टवरचे अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच हे आकडेही काही दिवस वाढतात.

कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड ठणकतं. ताप मोजून मग पॅरासिटामॉल. काही डॉक्टर लोराटाडीन ही ॲलर्जीची गोळीही देतात, विचारून घ्या. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक जोरात दुखू लागलं तर थांबू नका. क्वचितच, पण प्लीहेला इजा होऊ शकते. इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. मेडिकलवाल्याने बर्फाला चिकटवून दिलं आणि ते गोठलं असेल तर डे केअरला विचारल्याशिवाय टोचू नका.

ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं झालं. दीड वर्षापासून लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) चालू. 'संपूर्ण कॅन्सर चेकअप' पॅकेजमध्ये सीए १५-३ केली, ती ३६ आली, सहा महिन्यांपूर्वी २७ होती. डॉक्टर म्हणतात थांबा, पुन्हा पाहू. मला झोप लागत नाही. लगेच पेट स्कॅन का करत नाहीत?
— वाचक, पुणे

या पत्रासोबतच्या फोटोत २७ आणि ३६ यांच्यामध्ये तुम्ही पेनाने वर जाणारा बाण काढला आहे. त्या बाणाबद्दलच बोलू.

सीए १५-३ हा कर्करोगाच्या पेशी सोडतात असा एक पदार्थ (अशा पदार्थांना मार्कर म्हणतात), पण फक्त त्याच सोडतात असं नाही. यकृताला सूज असली की तो वाढतो. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या काही साध्या तक्रारींतही वाढतो. आपल्याकडे शाकाहारी घरांत हमखास सापडणारी बी-१२ ची कमतरता वाढून मोठ्या तांबड्या पेशींचा ॲनिमिया झाला असेल तर त्यातही हा आकडा चढतो आणि बी-१२ भरल्यावर उतरतो. उलट लहानशी गाठ असताना तो पुष्कळदा अगदी नॉर्मल असतो. म्हणजे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त व्हावं आणि वाढला म्हणून हादरावं, यातलं काहीच तो नीट सांगत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातला आजार बरा झाल्यावर, कोणतीही तक्रार नसताना मार्कर नियमित करू नयेत, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली नव्हती, पॅकेजमध्ये आली. सवलतीच्या पॅकेजमध्ये मार्कर घुसडण्याचा हा प्रकार आम्हाला बिलकूल पसंत नाही. आठशे रुपये वाचतात आणि महिनाभराची झोप जाते.

आता आकडाच घ्या. दोन्ही वेळा लॅब एकच होती का, पद्धत एकच होती का? एका यंत्रावरचा २७ आणि दुसऱ्या यंत्रावरचा ३६ यांची वजाबाकी करायची नसते. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा २५ ते ३० च्या आसपास असते, पण ती त्या त्या यंत्राची असते. डॉक्टर बहुधा चार ते सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने पुन्हा करायला सांगतील, सोबत यकृताच्या तपासण्या आणि बी-१२ ही. एका उडीपेक्षा दोन-तीन वेळा सलग चढत गेलेला आकडा जास्त बोलका. तसा चढला, किंवा हाडं रात्री दुखू लागली, खोकला हटत नाही, वजन घटतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, डोकं सतत दुखतंय, असं काही असलं तर स्कॅन ताबडतोब. तक्रार नसताना घाईने केलेल्या पेटमध्ये संधिवात, जुना क्षय, लसीने सुजलेली काखेतली गाठ असं काहीही चमकतं, मग त्याची सुईने तपासणी, मग आणखी महिना टांगणी.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेता का? ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन रक्तात असलं तर काही यंत्रांवर मार्कर खोटा कमी दिसतो आणि थायरॉइडच्या तपासण्या भलत्याच येतात. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी ती गोळी बंद करा आणि लॅबला सांगा.

ज्यांचा आजार इतर अवयवांत पसरलेला आहे त्यांच्यासाठी हाच मार्कर उपयोगी पडतो, औषध लागू पडतंय का ते पाहायला, आणि तोही स्कॅन आणि तक्रारींच्या जोडीने. तिथेही एक खोच आहे. नवीन औषध सुरू केल्यावर पहिले चार-सहा आठवडे, मरणाऱ्या पेशींतून सांडल्यामुळे, आकडा आधी वाढून मग उतरू शकतो. तेवढ्यावर औषध बदलायची घाई करू नये.

किमोच्या चार सायकल झाल्या, हिमोग्लोबिन ११.८ वरून ८.९ झालं. सासूबाई रोज बीट, डाळिंब, गूळ-खजूर देतात तरी उतरतंच आहे. रक्त चढवावं लागेल का?
— वाचक, सांगली

बिटाचा लाल रंग आणि रक्ताचा लाल रंग यांचा काही संबंध नाही. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. सासूबाईंनी प्रेमाने दिलेलं खा, त्यात अपाय नाही. पण हिमोग्लोबिन उतरण्याचं कारण ताटात नाही, मगजात आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून किमोने उत्पादन मंदावलं की पांढऱ्या पेशी आठवड्यात पडतात, हिमोग्लोबिन मात्र दर सायकलला थोडं थोडं घसरतं आणि किमो संपल्यावर काही महिन्यांनी सावकाश वर येतं. चार सायकलनंतर ८.९ हे त्या उताराला धरूनच आहे.

रक्त बहुधा ७ ते ८ च्या खाली गेल्यावर, किंवा त्याच्या वर असूनही जिना चढताना धाप, छातीत धडधड, चक्कर असेल तर चढवतात. एक पिशवी साधारण एक ग्रॅम वाढवते. हृदयविकार असेल तर आधीच विचार होतो.

लोहाच्या गोळ्या अंदाजाने सुरू करू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) नॉर्मल आलं म्हणून लोह पुरेसं आहे असंही नाही, कारण आजारपणात आणि सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही लोहाचीच दुसरी तपासणीही करा. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी असण्याची शक्यता आहे, आणि मग डॉक्टर गोळीऐवजी शिरेतून लोह देऊ शकतात. गोळी दिलीच तर लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. बी-१२ पाहायला सांगा. कॅपेसिटाबीन या किमोच्या गोळ्या चालू असतील तर फॉलिक ॲसिड असलेलं टॉनिक मनाने घेऊ नका, त्याने जुलाब आणि तोंड येणं वाढू शकतं. हिमोग्लोबिन वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन, आजार पूर्ण बरा करण्यासाठी किमो चालू असताना, सहसा टाळतात.

ईएसआर ७० आला म्हणून वेगळा कागद जोडला आहेत. हिमोग्लोबिन कमी असलं की ईएसआर आपोआप चढतो. ती तपासणी पुढच्या वेळी करूच नका.

प्लेटलेट अचानक ४२,०००! मागच्या आठवड्यात १ लाख ९० हजार होत्या. पपईच्या पानांचा रस सुरू करू का?
— वाचक, मडगाव

आधी पुन्हा तपासा. रक्ताच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं आणि काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात. यंत्र गठ्ठ्याला एक मोजतं. पॅथॉलॉजिस्टला काचपट्टी पाहायला सांगा. गठ्ठे दिसले तर फिक्या निळ्या झाकणाच्या नळीत नमुना द्यायचा आणि आलेला आकडा १.१ ने गुणायचा, कारण त्या नळीत आधीच द्रव असतो. काढताना सुईत रक्त गोठलं असेल तरीही आकडा पडतो.

खरंच ४२,००० असतील (कार्बोप्लॅटिन या किमोने तसं होऊ शकतं), तर एक लाखाच्या आसपास येईपर्यंत किमो थांबेल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको, इंजेक्शन स्नायूत नको, ब्रश मऊ घ्या. नडगीवर मुंगी चावल्यासारखे बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, काळी शी, मासिक पाळीत अतिरक्तस्राव झाला तर लगेच हॉस्पिटल. रक्तस्राव नसताना प्लेटलेट चढवतात त्या साधारण १०,००० च्या खाली. पपईच्या पानांनी किमोतल्या प्लेटलेट वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि पोट मात्र बिघडतं.

पत्नीला पॅक्लिटॅक्सेल ही किमो दर आठवड्याला चालू आहे. एसजीपीटी १४२. आजार यकृतात गेला का?
— वाचक, जळगाव

एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्याची खूण. त्या कशाने दुखावल्या हे त्यातून कळत नाही. वरची मर्यादा ४० धरली तर १४२ हे साडेतीन पट. किमोच्या काळात पहिला संशय औषधांवर घ्यायचा: किमो, सोबतची इतर औषधं, स्टिरॉइड आणि वाढलेल्या वजनाने यकृतात साठलेली चरबी. हिपॅटायटिस बीची तपासणी किमोआधी झाली होती का ते फाइलमध्ये पाहा. तो विषाणू शरीरात दबून बसलेला असला तर किमोत उसळी घेतो आणि त्यावर गोळी आहे. रक्त काढताना पेशी फुटल्या असतील तर एसजीओटी (एसजीपीटीची जोडतपासणी) आणि पोटॅशियम खोटे वाढतात. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' शेरा आहे का बघा.

आणि मग आपला काढा. तुम्ही लिहिलं नाही, पण पत्नी 'प्रतिकारशक्तीसाठी' गुळवेल घेत असतील तर आज बंद करा. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, तो वाद इथे नको. यकृतातूनच निचरा होणारी किमो चालू असताना त्याच यकृतावर दुसरा भार टाकू नये, एवढंच आमचं म्हणणं. काढा, भस्म, शेक, वजनाच्या पावडरी, सगळ्यांची पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. ते रागावतील, रागावू द्या.

डॉक्टर एसजीपीटीइतकंच बिलिरुबिनही (काविळीत वाढतं ते) पाहतात, कारण ते वाढलं तर पॅक्लिटॅक्सेल शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि डोस कमी करावा लागतो. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असेल तर लगेच दाखवा. नसेल तर आठवड्याने पुन्हा तपासणी, गरज पडली तर सोनोग्राफी.

पाल्बोसिक्लिब ही कर्करोगाची गोळी चालू आहे. दर महिन्याला न्यूट्रोफिल ८००–९०० येतात आणि डॉक्टर शांत! किमोच्या वेळी एवढ्यावर सगळे धावपळ करायचे.
— वाचक, नाशिक

डॉक्टर शांत आहेत ते बरोबर आहे. किमो मगजातल्या पेशी मारते, ही गोळी त्यांना नुसती थांबवून ठेवते. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी. त्या सुट्टीत पेशी पुन्हा चालू पडतात. म्हणून आकडा तेवढाच पडूनही गंभीर ताप फार कमी जणींना येतो. नवीन पाकीट सुरू करायच्या दिवशी मात्र आकडा निदान १००० हवा. कमी असेल तर आठवडाभर थांबून पुन्हा तपासतात. ५०० च्या खाली गेला किंवा ताप आला की नियम तोच, थांबायचं नाही. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) वाढलेलं दिसेल, तेही याच गोळीने.

मधुमेह नव्हता. किमोच्या दुसऱ्या दिवशी साखर २६० कशी?
— वाचक, कोल्हापूर

डोसेटॅक्सेल या किमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, बहुधा ८ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस. त्यानेच. उपाशीपोटीची साखर नॉर्मल येऊन दुपारी-संध्याकाळी वाढते, म्हणून जेवणानंतर दोन तासांनी मोजा. गोळी मनाने बंद करू नका, ती ॲलर्जी आणि सूज टाळायला आहे. रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर एचबीए१सी वर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर) विसंबू नका.

मुलगी लंडनहून फोनवर रिपोर्ट वाचते आणि म्हणते तुझं हिमोग्लोबिन ९२ असायला हवं, ९.२ कसं?
— वाचक, ठाणे

दोन्ही एकच. तिकडे लिटरमागे ग्रॅम मोजतात, आपल्याकडे शंभर मिलिलिटरमागे.

रिपोर्ट आला की हातपाय गार पडतात. मिस्टर आता रिपोर्ट लपवतात, 'सगळं छान आहे' म्हणतात. त्याने जास्तच भीती वाटते.
— वाचक, अकोला

मिस्टरांचा हेतू चांगला आहे, पण न्यूट्रोफिलचा काउंट ४०० आहे हे तुम्हाला माहीत नसेल तर १००.४ ताप आल्यावर तुम्ही "होईल बरं" म्हणून पांघरूण घेऊन झोपाल. लपवण्यातला खरा धोका तो. दोघांनी मिळून असं ठरवा: रिपोर्ट मिस्टरांच्या मोबाइलवर यावा, रात्री नऊनंतर उघडायचा नाही, सकाळी चहा झाल्यावर दोघांनी बघायचा. किमोआधीची तपासणी दुपारच्या आत द्या, म्हणजे रिपोर्ट ओपीडी चालू असताना येतो आणि विचारायला कोणी तरी असतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "माझ्या बाबतीत कोणता आकडा आला तर मी रात्रीच फोन करायचा?" ते तीन-चार आकडे सांगतील. ते वहीच्या पहिल्या पानावर. आतल्या पानांवर तारीख, किमोचा दिवस, एएनसी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, ताप, असे सहा रकाने. इतर वीस ओळी लिहूच नका. तीन सायकलनंतर त्या वहीत पडणं-वर येणं, पडणं-वर येणं असं नक्षीसारखं दिसू लागतं आणि चौथ्या वेळी 'लो' वाचून हात तेवढे गार पडत नाहीत.

तरीही झोप सलग दोन आठवडे जात असेल, जेवण उतरत नसेल, रडू आवरत नसेल तर तेही डॉक्टरांना ताप सांगाल तसंच सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मोफत आणि चोवीस तास.

उजव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत. डाव्या हाताच्या शिरा किमोने कडक झाल्या. रक्त कुठून द्यायचं?
— वाचक, चिपळूण

शक्यतो डावाच हात. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर उजव्या हातात सुई आणि बीपीचा पट्टा टाळायचा, कारण त्या हातात सूज आणि जंतुसंसर्ग होण्याचा धोका राहतो. नुसत्या एक-दोन सेंटिनेल गाठी (आजार सर्वांत आधी पोहोचू शकतो त्या पहिल्या गाठी) काढल्या असतील तर धोका बराच कमी असतो, सर्जनना विचारून अडचणीला उजवा हात चालू शकतो. किमो पोर्ट किंवा पिक लाइन (किमोसाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर तिथून घेता येतं, पण ते शिकलेल्या परिचारिकेकडूनच. आधीचं ५ ते १० मिलिलिटर टाकून द्यायचं, नाहीतर नळीतल्या हेपॅरिनमुळे (रक्त गोठू न देणाऱ्या औषधामुळे) आकडे बिघडतात. घरी येणाऱ्या लॅबच्या मुलाला पोर्टला हात लावू देऊ नका. सलाइन चालू असलेल्या हातातून तर कधीच नाही. ग्लुकोजच्या सलाइनजवळून घेतलेल्या रक्तात साखर ६०० आणि हिमोग्लोबिन ६ असं दोन्ही येऊ शकतं, आणि दोन्ही खोटं.

जाण्याआधी तासभर दोन-तीन पेले पाणी प्या, हात कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, मऊ चेंडू दाबा. मूठ सारखी उघड-मीट करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. लहान मुलांना वापरतात ती बारीक, पंखवाली सुई मागा. सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं दाबून धरा, हात कोपरात दुमडू नका. दुमडला की तिथे काळंनिळं होतं आणि पुढच्या वेळी नेमकी तीच नस सापडत नाही.